मदत हवी आहे: ठाण्याहून शहापूरला बार्बेक्यू स्पर्धेसाठी कच्चं मटण-चिकन थंड कसं न्यावं?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात एका शनिवारी शहापूरजवळच्या एका फार्महाऊसवर बार्बेक्यूची स्पर्धा आहे. आम्ही चौघे घोडबंदर रोडवरून गाडीने जाणार. मटणाची अख्खी रान (मांडी), चॉप्स आणि चिकनच्या तंगड्या, सगळं मिळून बारा किलोच्या आसपास.

नियम असा की घरून मसाला लावून आणायचा नाही. पोचल्यावर आयोजक कच्चं मांस तपासणार आणि आतलं तापमान ५ अंशांच्या वर निघालं तर तो पदार्थ बाद. अमेरिकेत कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांमध्येही तपासणीआधी मसाला चालत नाही आणि मांस ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेचार सेल्सियसच्या, खाली लागतं. मला हा नियम मनापासून पटतो. परीक्षकांबरोबर लहान मुलं आणि म्हातारी माणसंही जेवणार आहेत.

काळजी रस्त्याची आहे. कापूरबावडी, माजिवडा, माणकोली, पुढे वडप्यापर्यंत ट्रकच ट्रक. रस्ता मोकळा असेल तर दीडेक तास, अडकलो तर तीन-चार तास सहज जातात. मग तपासणीची रांग, मग कोळसा पेटेपर्यंतचा वेळ. सकाळी सहाला निघालेलं मांस दुपारपर्यंत थंड राहायला हवं.

मटण गोठवून न्यावं का? रान गोठली तर तिथे सुटणार कधी? थर्माकोलचा खोका पुरेल की जाड भिंतीचा आइसबॉक्स घ्यावा? आणि कोरडा बर्फ कोणी वापरलाय का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावं.

चेंदणीची_कोळीण
दादा, आमचा घरचा धंदा मासळीचा, त्यामुळे बर्फाचं सांगू शकते. चांगला जाड थर्माकोलचा खोका एका दिवसाला पुरतो, फक्त झाकण घट्ट बसायला हवं. फटीवर चिकटपट्टी मारा. मासळीला आम्ही वजनाला वजन बर्फ धरतो. खाली थर, मग माल, परत थर. लादी फोडून चुरा घ्या, मोठे तुकडे मालाला नीट चिकटत नाहीत आणि मध्ये हवा राहते.

पण तुमचं मांस मासळीसारखं उघडं बर्फात ठेवू नका. लादीचा बर्फ खाण्याचा नसतो. २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम त्यासाठीच आहे. दुहेरी पिशवीत बांधा, हवा दाबून काढा, चिकन वेगळ्या पिशवीत आणि सगळ्यात खाली. चिकनचं पाणी रानेवर सांडलं तर पुढचं सगळं थंड ठेवणं वाया.

थंडाई_मेकॅनिक
वरच्या ताईंचं बरोबर आहे, पण वजनाला वजन बर्फ तेव्हाच पुरेल जेव्हा मांस आधीच थंड असेल. हिशेब करून दाखवतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. एक किलो मांस एक अंशाने थंड करायला साधारण साडेतीन किलोज्यूल लागतात. दुकानातून आणलेलं बारा किलो मांस २८ अंशांवरून ४ वर आणायचं तर हजार किलोज्यूल, म्हणजे तीन किलो बर्फ त्यातच संपला. शिवाय तुकडा जाड असेल तर गाभा गार व्हायला कित्येक तास जातात, बर्फ कितीही असला तरी. तुमची रान बाहेरून गारेगार आणि हाडाजवळ १५ अंश निघेल, आणि आयोजक थर्मामीटरची सुई नेमकी तिथेच खुपसतील. खोका थंडी टिकवतो, तयार करत नाही. आदल्या रात्रीपर्यंत सगळं मांस फ्रिजमध्ये ४ अंशांवर पोचलेलं हवं. खोकाही रात्री बर्फ घालून थंड करून ठेवा.

लादीऐवजी पाण्याच्या बाटल्या गोठवा. गळत नाहीत. थोडी जागा रिकामी सोडा, पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. पिण्याच्या पाण्याचा आणि सरबताचा खोका पूर्ण वेगळा ठेवा, तो दर दहा मिनिटांनी उघडला जातो. मांसाचा खोका डिकीत नको, एसी लागणाऱ्या मागच्या सीटवर ठेवा आणि वर चादर टाका.

कोरडा बर्फ मात्र टाळा. तो म्हणजे उणे ७८ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड, त्याचा थेट वायू होतो, आणि माजिवड्याच्या जॅममध्ये काचा वर करून बसलात तर गाडीतल्या माणसांचाच जीव धोक्यात. एवढ्याशा अंतरासाठी ते ओझं कशाला?

खाटीकआळी
रान गोठवू नका. त्यातही सकाळी कापलेलं मटण तसंच फ्रीझरमध्ये टाकाल तर ते चिवट होईल. कापल्यानंतरचा ताठरपणा उतरण्याआधी मटण फार झपाट्याने थंड झालं की स्नायू आखडतात. गुरुवारी सकाळी घ्या, रान अख्खी ठेवा, हाडासकट, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ताटात. शनिवारपर्यंत मऊही होईल आणि गाभाही थंड होईल. चिकन शुक्रवारी घेतलं तरी चालतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. गोठवायचा विचार सोडला, कोरडा बर्फही रद्द. तपासणीनंतर मसाला लावून मांस परत खोक्यातच ठेवायचं, हेही आता लक्षात आलं. एकच शंका उरली: घरचा थर्मामीटर बरोबर दाखवतो की नाही हे कसं तपासायचं?

थंडाई_मेकॅनिक
पेला भरून बर्फाचा चुरा घ्या, त्यात थोडंच पाणी घाला, ढवळून दोन-तीन मिनिटं थांबा आणि सुई मधोमध धरा, तळाला टेकवू नका. शून्य दाखवायला हवं. एक अंश वर दाखवत असेल तर तेवढा वजा करून वाचा. आणि चिकनमधून काढलेली सुई मटणात घालण्याआधी धुवा.