मदत हवी आहे: घरच्या गव्हाच्या बिअरला विचित्र वास, चव एकदम पाणचट

डॅलसचा_बबन
मंडळी, अर्जंट मदत पाहिजे. घरी गव्हाची बिअर करतोय, ही तिसरी खेप, पहिल्या दोन बऱ्या झाल्या होत्या (त्या साध्या पेल एल होत्या) म्हणून या वेळी हेफेवायझनचं (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर) किट आणलं आणि सगळं दिलेल्या कागदाप्रमाणेच केलं, तरी काल बाटली उघडली तर नाकाला कसलातरी घाण वास आणि चव म्हणजे काहीच नाही, बिअरच्या ग्लासात पाणी ओतून दिल्यासारखी. बायको म्हणते दवाखान्याचा वास येतोय. शनिवारी आठ जण यायचेत मॅच बघायला आणि मी सगळ्यांना सांगून बसलोय की या वेळी घरची बिअर. काय चुकलं आणि शनिवारपर्यंत काही करता येईल का?

पंधरा_लिटर
कुठलं यीस्ट, किती तापमानाला, किती दिवस, पाणी कुठलं, ग्रॅव्हिटी (म्हणजे पाण्यात साखर किती विरघळलीय त्याचं माप) किती होती? यातलं काहीच न सांगता "काय चुकलं" विचारताय. पत्रिका न दाखवता लग्न कधी होईल विचारल्यासारखं आहे.

म्युनिककर
हेफेवायझनला वास असणारच हो! लवंग आणि केळं, हीच तर त्याची ओळख. गव्हाच्या बिअरचं यीस्ट लवंगेचा वास स्वतःच तयार करतं. पहिल्यांदा पिणाऱ्यांना तो औषधी वाटतो. माझ्या सासऱ्यांना इथे आणून पहिला ग्लास दिला तर म्हणाले, यात कोणी दातदुखीचं औषध टाकलंय का. काही चुकलेलं नाही तुमचं, बिनधास्त प्या.

हळदउतारा
४४ डिग्रीला पंधरा मिनिटं रेस्ट दिलीत का, म्हणजे धान्य तेवढ्या गरम पाण्यात ठेवलंत का? ज्यापासून लवंगेचा वास बनतो ते फेरुलिक ॲसिड सुटायला ती लागतेच. मी प्रत्येक वेळी देतो. आणि वास उकडलेल्या मक्यासारखा असेल तर ९० मिनिटं झाकण न लावता उकळा. हे दोन केलं की प्रश्न मिटला.

डॅलसचा_बबन
रेस्ट कसली? माझं डब्यातलं एक्स्ट्रॅक्ट आहे, काकवीसारखा घट्ट पाक असतो तो. ३.३ पौंडाचे दोन डबे. यीस्ट किटमधलंच कोरडं पाकीट. घरात एसी असतो, ७२ फॅरनहाइट. दोन आठवडे बादलीत, मग बाटल्यांत दोन आठवडे. ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर मागच्या महिन्यात सिंकमध्ये पडून फुटला.

पंधरा_लिटर
@हळदउतारा, एक्स्ट्रॅक्टवाल्याला मॅश रेस्ट सांगून काय उपयोग? पाक तयार करतानाच ते सगळं उरकलेलं असतं. मक्याच्या वासाचा बराचसा भागही तिथेच उडून गेलेला असतो.

हळदउतारा
म्हणूनच म्हणतो एक्स्ट्रॅक्ट सोडा. ज्याला खरी बिअर करायचीय त्याने धान्यापासून करावी. डब्यातून केलेलं ते डब्यातलंच.

मिसळ_विथ_एक्स्ट्रा_तर्री
झालं सुरू. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

कुरडईवाल्या_काकू
अरे बाळ, गहू भिजवताना रोज पाणी बदललंस का? आम्ही कुरडयांना गहू तीन दिवस भिजत घालायचो. एक दिवस पाणी बदलायचं राहिलं की चीक काढताना असा आंबूस वास सुटायचा की शेजारची येऊन विचारायची. पाणी रोज बदलायचं आणि पातेलं कोपऱ्यात दाबून ठेवायचं नाही.

डॅलसचा_बबन
काकू, मी गहू भिजवतच नाही हो. डबा येतो.

कुरडईवाल्या_काकू
मग गव्हाची बिअर कशाला म्हणतोस?

केळफूल_७
काकूंचा प्रश्न बिनतोड आहे :) पण बबनराव, एक नीट सांगा, दवाखान्याचा वास म्हणजे *कुठल्या* दवाखान्याचा? दाताच्या डॉक्टरकडे येतो तो लवंगेच्या तेलाचा, तो असेल तर म्युनिककर बरोबर आहेत. पण जखमेला लावायची चिकटपट्टी कागदातून काढताना येतो तसा, प्लॅस्टिक आणि जंतुनाशक मिसळल्यासारखा असेल तर ते वेगळं प्रकरण. घरात लवंग असेलच. दोन लवंगा कुटून कोमट पाण्यात टाका, शेजारी एक नवी पट्टी उघडून ठेवा, मधे बिअरचा ग्लास. डोळे मिटून वास घ्या आणि बायकोलाही घ्यायला लावा, तिचं नाक चांगलं दिसतंय.

पाटलांचा_धाकटा
सडक्या अंड्याचा वास असेल तर काळजी नको. ते सल्फर, या यीस्टला येतो कधीकधी, ठेवून दिलं की बहुतेक वेळा जातो.

पुणेरी_फेस
अवांतर: आपल्याकडे असं घरी करता येतं का? मला पण करायचीय. २००९ मध्ये पुण्यात दूलाली (तिथेच बिअर बनवून देणारा पब) सुरू झालं तेव्हापासून गव्हाचीच पितो.

मिसळ_विथ_एक्स्ट्रा_तर्री
महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, लायसन्सशिवाय बनवता येत नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरनी घरी बिअर करायच्या कायद्यावर सही केली म्हणून बबनभाऊ मोकळे. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकटा असाल तर १००. तू आपला दूलालीतच जा.

म्युनिककर
कायद्याचं निघालंच आहे तर, १५१६ चा बव्हेरियातला बिअरचा नियम सगळे सांगतात, पण त्यात फक्त जव, हॉप्स आणि पाणी होतं, गहू नव्हताच. गव्हाची बिअर करायचा हक्क मोजक्या मोठ्या घराण्यांकडे असायचा. म्हणजे बबन तेव्हा असता तर...

पंधरा_लिटर
तेव्हा असता तरी हायड्रोमीटर फोडलाच असता. विषयावर या. बबन, पाणी कुठलं आणि बादली कशाने धुतली? दोनदा विचारलं.

डॅलसचा_बबन
केळफूल, केलं तुम्ही सांगितलं तसं. बायकोने एका सेकंदात पट्टीकडे बोट दाखवलं. मलाही तोच वाटला, लवंगेचा अजिबात नाही.
पाणी नळाचंच, अजून कुठलं असणार. तीन गॅलन उकळलं, पाक त्यात ढवळला, मग लवकर गार व्हावं म्हणून बाकीचं थंड पाणी थेट नळाखाली बादली धरून भरलं. बादली कपड्यांच्या ब्लीचने धुतली आणि चांगली दोनदा विसळली.

केळफूल_७
सापडलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, वर ब्लीचचा अंश. आणि गव्हाचं यीस्ट फेनॉल (लवंगेचा वास देणारी तीच द्रव्यं) तयार करण्यात पटाईत. ते दोन्ही भेटले की क्लोरोफेनॉल, तोच पट्टीचा वास. अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो, आणि ठेवल्याने *जात नाही*. तुमच्या पेल एलच्या यीस्टने एवढे फेनॉल केले नसतील, म्हणून त्या वेळी निभावलं.

पाटलांचा_धाकटा
पाणी रात्रभर उघडं ठेवायचं. माशांच्या टँकला मी तेच करतो. विषय संपला.

केळफूल_७
क्लोरीन उडेल, क्लोरामाइन नाही उडणार, ते उकळूनही धड जात नाही. आणि बऱ्याच शहरांत आता क्लोरामाइनच असतं. ते घालवायला कॅम्पडेनची गोळी मिळते, एक गोळी २० गॅलनला पुरते, म्हणजे तुम्हाला पाव. कुटून पाण्यात ढवळा, पाच-दहा मिनिटांत काम झालं. ब्लीच कपड्यांना ठेवा. बादलीला स्टार सॅन नावाचं जंतुनाशक, पाच गॅलनला एक औंस, विसळायचंही नाही.

पंधरा_लिटर
वास कळला. पाणचट का ते अजून राहिलंय. बबन, बादली कितीपर्यंत भरलीस?

डॅलसचा_बबन
साडेसहा गॅलनची बादली आहे. वर थोडी जागा सोडून सहापर्यंत भरली. साठ बाटल्या झाल्या.

पंधरा_लिटर
किट किती गॅलनचं होतं रे?

डॅलसचा_बबन
पाच.
पण बादली मोठी होती ना.

मिसळ_विथ_एक्स्ट्रा_तर्री
🤦 पातेलं मोठं म्हणून आमटीत तांब्याभर पाणी.

पंधरा_लिटर
६.६ पौंड पाक पाच गॅलनमध्ये असता तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०४८ च्या जवळपास आली असती. सहात घातल्यावर १.०४० च्या आसपास, हेफेवायझनला ती कमी. म्हणजे वास आणि चव दोन्हीचं मूळ त्या नळातच. बाटल्यांत साखर किती घातलीस?

डॅलसचा_बबन
किटमध्ये १४० ग्रॅमचं पाकीट होतं. बाटल्या फुटतात असा व्हिडिओ पाहिला होता म्हणून अर्धंच घातलं.

म्युनिककर
अरे देवा. गव्हाच्या बिअरचा अर्धा जीव फेसात असतो! इतर बिअरपेक्षा गॅस बराच जास्त लागतो. १९ लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास डेक्स्ट्रोज साखर, पण *फक्त* जाड काचेच्या जर्मन बाटल्यांत, आणि आंबणं पूर्ण थांबल्यावरच. पातळ बाटल्यांत घातलीस तर तो व्हिडिओ तुझ्याच घरात चालू होईल. आधी हायड्रोमीटर घे.

हळदउतारा
आणि यीस्ट वायीस्ट कंपनीचं ३०६८ घ्या, ते हेफेवायझनचंच. केळं आलं नाही तर मला सांगा. आणि पुढच्या वेळी धान्य.

डॅलसचा_बबन
बरं. पण शनिवारचं काय??

केळफूल_७
दुकानातून पाउलानर (तयार जर्मन गव्हाची बिअर) आणा, ग्लासात ओतून द्या, बाटल्या लपवा.

डॅलसचा_बबन (पाच आठवड्यांनी)
धागा वर काढतोय. पाव गोळी, पाच गॅलन, ३०६८, जाड बाटल्या, ६६ फॅरनहाइट. बाटली उघडली तर अख्ख्या स्वयंपाकघरात केळ्याचा वास, बायको म्हणाली शिकरण केलंस का. पट्टी गायब! जुन्या साठ बाटल्या मोरीत ओतल्या, ओतताना फार वाईट वाटलं. फक्त आता फेस इतका येतो की अर्धा ग्लास फेसच, सगळं टेबलावर. हे काय?

म्युनिककर
बाटली नीट गार कर. उंच ग्लास आधी थंड पाण्याने विसळून घे, ओला ग्लास आडवा धरून हळूहळू ओत. शेवटची दोन बोटं राहिली की बाटली गोल फिरवून तळाचं यीस्ट वर ओत.

डॅलसचा_बबन
विसळायला नळाचं पाणी चालेल ना?

केळफूल_७
चालेल रे बाबा.

कुरडईवाल्या_काकू
शिकरण जमली म्हणतोस, पण गहू अजून डब्यातलाच ना?