कोलोनोस्कोपीत ‘खास प्रकाशा’चे जादा पैसे मोजावेत का?

खडूस_काका: बाबांची (वय 64) कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी, ठरलीय. दवाखान्यात दोन दर सांगितले, साधी आणि ‘एनबीआय-एआय’वाली, म्हणजे खास प्रकाश आणि सोबत संगणकाची कृत्रिम बुद्धिमत्ता. माझं मत, ही निव्वळ दुकानदारी. पॉलिप (आतड्याच्या आतली गाठ) सापडतो तो आतडं स्वच्छ असेल आणि डॉक्टर नळी बाहेर काढताना घाई करत नसतील तर. 2006 साली अमेरिकेतल्या 12 डॉक्टरांचा अभ्यास आला होता. परतीला सरासरी 6 मिनिटं किंवा जास्त देणाऱ्यांना 28.3 टक्के रुग्णांत गाठी सापडल्या, घाईवाल्यांना 11.8. पेशंट तसेच, फरक घड्याळाचा!

दुर्बिणवाला: अर्धं पटलं. पण एनबीआय म्हणजे काय ते तरी बघा. साध्या पांढऱ्या प्रकाशाऐवजी 415 आणि 540 नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश टाकतात. तो रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांची जाळी गडद उठून दिसते. चपटा पॉलिप आतड्याच्या रंगात बेमालूम मिसळलेला असतो, तो अशा वेळी पकडता येतो. मात्र हे तपासणीच्या नळीवरचं एक बटण आहे. ते दाबायचे वेगळे पैसे कसले घेतात, ते मलाही कळलं नाही.

खडूस_काका: आणि फायदा किती? 2019 मध्ये अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तर एनबीआयने 45.2 टक्के रुग्णांत गाठी सापडल्या, साध्या प्रकाशाने 42.3. यासाठी एवढा गाजावाजा?

दुर्बिणवाला: त्याच अभ्यासात आतडं अगदी स्वच्छ असलेल्यांत फायदा जास्त दिसला, तेही सांगा की.

सोलापुरी_शेंगा: एआयचं कोणी बोलतच नाहीये. इटलीत 2020 च्या चाचणीत एआयसह 54.8 टक्के रुग्णांत गाठी सापडल्या, एआयविना 40.4. पडद्यावर गाठीभोवती हिरवी चौकट येते, डॉक्टरांची नजर चुकली तरी यंत्र बऱ्याचदा पकडतं.

खडूस_काका: त्यातली वाढ 1 सेंटिमीटरच्या आतल्या गाठींची. शिवाय 2025 चा पोलंडचा अभ्यास वाचा. एआयची सवय लागल्यावर त्याच डॉक्टरांचं एआयविना गाठी शोधण्याचं प्रमाण 28.4 टक्क्यांवरून 22.4 वर आलं. कॅल्क्युलेटर आला आणि पाढे गेले, तसं.

सोलापुरी_शेंगा: मग एआय सोडायचं कशाला, कायम चालू ठेवा! आणि तो अभ्यास जुन्या नोंदी मागे वळून बघितलेला, यंत्रामुळेच घसरण झाली असं त्यातून सिद्ध होत नाही.

मावशी_नाशिक: आमच्या घरात लिंच सिंड्रोम आहे, म्हणजे कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, आईला आणि मामाला आतड्याचा कर्करोग झाला. तुमचे 3 टक्के आम्हाला चिल्लर वाटत नाहीत हो. माझ्या तपासणीत इंडिगो कार्माइन नावाचा निळा रंग आतड्यात फवारून इंच न् इंच बघतात, वेळ लागतो.

खडूस_काका: मावशी, तुमचं प्रकरण वेगळं. मी जोखीम नसलेल्यांबद्दल बोलतोय.

दुर्बिणवाला: काका, आतडं साफ करायचं जुलाबाचं औषध कधी प्यायला सांगितलंय? सगळं आदल्या रात्री की निम्मं सकाळी?

खडूस_काका: सगळं रात्रीच.

दुर्बिणवाला: मग एनबीआयचं राहू द्या, आधी ते विचारा. दोन भागांत घेतलं की आतडं जास्त साफ होतं.

खडूस_काका: उद्या फोन करतो.