लगद्याच्या टोपल्या तडकल्या, आणि माझं स्वतःचं चित्र फेब्रुवारीपासून अर्धंच

भुसावळची_चित्रकार:
नमस्कार मंडळी, मी चित्रकार आहे, सहा वर्षांपासून घरीच वर्कशॉप घेते. गेरूची भिंत, गोधडी, भुलाबाईच्या दिवसात मातीकाम असं चालू असतं. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या पोरींसाठी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या ठेवल्या. आजी अशा टोपल्यांत डाळी, कुरडया ठेवायची, लगद्यात मेथी वाटून घालायची एवढं आठवतं, प्रमाण कुणी लिहून ठेवलं नाही. रद्दी दोन दिवस भिजवली, मिक्सरला फिरवली, मेथी घातली, स्टीलच्या उलट्या पातेल्यांवर थापली आणि गच्चीवर ठेवली. मे महिना, पारा ४४ वर. दुसऱ्या दिवशी बारापैकी सात टोपल्यांना काठापासून बुडापर्यंत उभ्या चिरा! एकीची जाड होती, ती वरून खडखडीत वाळली आणि आठवड्याने आतून काळी बुरशी निघाली. ती टोपली तिला आईला द्यायची होती, फोटो बघून मला रडूच आलं.

दुसरं म्हणजे माझं तापीवरच्या संध्याकाळचं चित्र फेब्रुवारीपासून ईझलवर आहे, अर्धं पाणी रंगवलंय, अर्धं कोरं. सामान आणा, तयारी करा, फोन घ्या, यातच दिवस जातो. शिकवणं मला मनापासून आवडतं, ते सोडायचं नाही. तुम्ही दोन्ही कसं जमवता?

धुळेकर_दादा:
बुरशीला मोरचूद टाका थोडं, खळीत टाकतात तसं. काम होऊन जाईल.

फैजपूरची_मावशी:
दादा, मोरचूद विषारी असतं, डाळ-पापडाच्या टोपलीत अजिबात नको. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात कागद भिजव बाई, आमच्या सासूबाई तसंच करायच्या.

आता चिरांचं ऐक. लगदा वाळताना आकसतो, स्टीलचं पातेलं काही आकसत नाही, मग लगदा जाईल कुठं, फाटणारच. पातेल्यावर आधी ओलं धोतराचं फडकं घाल, त्यावर थाप, आणि दुसऱ्या दिवशी बोट रुतत नाही पण हाताला गार लागतं अशी झाली की फडक्यासकट अलगद उतरवून घे. पुढचं वाळणं ओसरीत, खाटेखाली, सावलीला, ऊन शेवटच्या दिवशी. थापायच्या आधी लगदा कापडात घट्ट पिळायचा, मुठीत दाबला तर पाणी गळायला नको. जाडी करंगळीएवढी, जास्त नाही, तुझी ती काळी पडली ती जाडीमुळेच. अर्धा किलो कोरड्या कागदाला मी एक वाटी मेथी घेते, रात्री भिजवून पाट्यावर बारीक वाटलेली. गुळगुळीत मासिकांचा कागद घेऊ नको, त्याचा नीट लगदा होत नाही. आणि छापील कागदाची शाई असते, म्हणून भाकरी किंवा काही ओलं त्यात थेट ठेवायचं नाही.

रावेर_केळीबाग:
ताई, मावशींचं बरोबर आहे, त्यात अजून एक करून बघा. आमच्याकडे केळीचा घड उतरला की खोड कापून बांधावर पडतं, एका झाडाला एकदाच घड येतो. खोडाचं एकेक सोपट (सालीचा थर) पाटावर ठेवून बोथट सुरीने खरवडलं की पांढरे धागे मोकळे होतात, वाळवून बोटाच्या पेराएवढे कापायचे आणि मूठभर लगद्यात कालवायचे. धागा चिरेला धरून ठेवतो. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं ज्या मातीच्या गिलाव्यावर आहेत त्यातही भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे आहेत, म्हणजे ही युक्ती आपल्या शेजारचीच आणि किती जुनी! धागे पाहिजे असतील तर या, मी तुमच्या वर्कशॉपला फुकट देईन.

चाळीसगावचे_गुरुजी (निवृत्त चित्रकला शिक्षक):
टोपल्यांचं मावशींनी सांगितलं, मी चित्राबद्दल बोलतो कारण मला तेच जास्त लागलं. आमच्या गावात छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) होऊन गेले, कितीतरी वर्षं ते घराबाहेर फारसे पडले नाहीत आणि घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून टेबलटॉप फोटोग्राफी केली, त्यांचं घर आता संग्रहालय आहे, कधी आलीस तर नक्की बघ. मी नोकरीत असताना पोरांना तिथे न्यायचो आणि दर वेळी मलाच बोचायचं, की या माणसाने आपलं काम उद्यावर टाकलं नाही. तेव्हापासून मी पहाटे पाच ते सात फक्त माझं चित्र, ना शाळेचं ना घरचं, असं ठरवलं आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षं पाळलं. तू दोन तास नाही तर पाऊण तास घे, पण वर्कशॉपचं सामान त्या खोलीत ठेवू नको. रद्दीचा गठ्ठा डोळ्यासमोर असला की हात तिकडेच जातो, हे अनुभवाने सांगतो. आणि फी घेताना तयारीचे दोन दिवसही धर बेटा, फक्त शिकवायचे तास धरून बायका फार कमी घेतात.

भुसावळची_चित्रकार:
मावशी, गुरुजी, रावेरवाले दादा, किती आभार मानू! काल फडकं घालून दोन टोपल्या थापल्या, आज सकाळी उतरवल्या, एकीला काठाजवळ बारीक रेघ आली होती, तिथे त्याच लगद्याचं पातळ बोट फिरवलं, आता दोन्ही खाटेखाली आहेत. रविवारी रावेरला धागे न्यायला येते. बुरशीवाल्या ताईला नवी टोपली मीच करून देणार आहे. रद्दी जिन्याखाली नेली. आज पहाटे पाऊण तास बसले, पाण्यातला पुलाचा एक खांब झाला.