पिचरमधली बिअर पाणचट नव्हती

जुन्या अमेरिकन पिझ्झा पार्लरांत पिचरमधून, म्हणजे टेबलावर वाटून प्यायला दिल्या जाणाऱ्या मोठ्या जगातून, पाणी घातलेली बिअर खपवायचे असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. ग्लासात यायची तीच बिअर त्याच नळातून पिचरमध्ये यायची. बिघडायचं ते टेबलावर. नेहमीचा पिचर ६० औंसांचा, म्हणजे पावणेदोन लिटरचा. त्यात १६ औंसांचे चार ग्लासही पुरते भरत नाहीत. ३-४ अंशांवर आलेली बिअर रुंद तोंडाच्या भांड्यात पटकन तापते आणि तापली की वायू सोडते. दोघंच बसले तर शेवटचा ग्लास हमखास मिळमिळीत. चौघांत एक पिचर, हाच खरा हिशोब. त्यात सोबत पिझ्झा! चीजचं तेल ओठांवरून ग्लासच्या काठाला लागतं आणि फेस बघता बघता बसतो. ग्लास तिरपा धरून बिअर ओतायची, शेवटी सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्यायचा. फ्रीझरमधले गोठवलेले बिअरचे मग मात्र नकोत. काचेवरच्या बर्फाच्या कणांमुळे वायू भसाभसा सुटतो आणि निम्मा मग फेसानेच भरतो.

आणि पिचर ही वाटून प्यायची वस्तू आहे हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात चक्क नियमात लिहिलंय. तिथे १९८४ साली ‘हॅपी अवर’वर, म्हणजे ठरावीक वेळेत स्वस्तात दारू देण्यावर, बंदी आली; त्याच नियमांनुसार एकट्या गिऱ्हाइकाला पिचर देता येत नाही, किमान दोघं लागतात. मला तर हा नियम फार योग्य वाटतो.