मदत हवी आहे: क्रिएटिनिन १.८ असताना अँजिओग्राफी

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. आप्पांचं वय ६८, १५ वर्षांची शुगर, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढून १.८. चढ चढताना छाती भरून येते म्हणून बेळगावात दाखवलं, तर अँजिओग्राफी, म्हणजे डाय सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, करूया म्हणाले. तातडीचं नाही, पण लांबवू नका.

भीती त्या रक्तवाहिनीत सोडायच्या डायची आहे. आधीच किडनी कमजोर असली की डायने ती आणखी बिघडू शकते, आणि ते लगेच कळत नाही, दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन वाढतं म्हणे. शुगरची गोळी मेटफॉर्मिन अँजिओग्राफीच्या दिवसापासून बंद ठेवून ४८ तासांनी रक्त तपासून मगच सुरू करायला सांगितलंय. सलाईन लावणार का, डाय कमीत कमी वापरणार का, हे विचारायचंच राहिलं. मनगटातून करणार म्हणाले, मांडीपेक्षा रक्तस्राव कमी होतो, तेवढाच धीर.

संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. कन्नड मला बोलायला येतं, पण वाचताना तिसऱ्या ओळीतच अडकलो. सिस्टर म्हणाल्या, "सगळ्यांचं हेच असतं, सही करा." आप्पांनी कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला, पानाच्या चंचीशेजारी. "पोराला कळल्याशिवाय अंगठा नाही," म्हणाले. मला पटलं त्यांचं.

कुणाच्या घरी क्रिएटिनिन वाढलेलं असताना अँजिओग्राफी झालीय का? नंतर किती दिवसांनी रक्त तपासलं? आधी किडनीच्या डॉक्टरांना दाखवलंत का? आणि कन्नड संमतीपत्र नीट वाचून मराठीत सांगणारं कुणी असेल तर इथेच कळवा. गुरुवारी परत बोलावलंय.