चर्चची दारं बंद केली ते ठीक, पण पॅरिशच (चर्चभोवतीचा स्थानिक समाज) बंद का केली?

शेवटचा_बाक :
विषय जुना वाटेल, पण पुढची साथ कधीतरी येणारच, तेव्हा आत्ताच बोललेलं बरं. २०२० मध्ये कोविडमुळे लोकांसाठीच्या मिस्सा (चर्चमधली मुख्य सामूहिक उपासना) थांबवल्या त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. रोगाबद्दल धड काही कळत नव्हतं आणि रोजच्या मिस्सेला येणारे बहुतेक म्हातारेच, त्यामुळे गर्दी टाळायलाच हवी होती. रविवारच्या मिस्सेचं बंधन आजारी माणसाला किंवा तान्ह्या बाळाच्या आईला एरवीही नसतं, हे कॅटेकिझममध्येच (चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकात) लिहिलंय.

माझी तक्रार पुढची आहे. मिस्सा थांबली म्हणजे सगळंच थांबलं असं आपण धरून चाललो. कॅमेरा लावला, लिंक व्हॉट्सॲपवर टाकली, झालं काम. कन्फेशन (पापांची कबुली) बंद, आजाऱ्यांना पवित्र तेल लावण्याचा संस्कार बंद, दफनाला फादर येणार की नाही ते आदल्या रात्रीपर्यंत माहीत नाही, आणि एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांची साधी फोनची यादी करावी हे कुणाला सुचलं नाही. १५७६ च्या प्लेगमध्ये मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी, लोक घरात कोंडलेले असताना, चौकाचौकात वेदी मांडायला लावल्या आणि लोकांनी खिडकीतून मिस्सेत भाग घेतला. अंतर पाळूनसुद्धा धर्मगुरू लोकांच्या नजरेसमोर होता. आपल्याकडे स्पीकर होते, मैदानं होती, गाड्या होत्या, आणि आपण लोकांना दिलं काय तर एक स्क्रीन.

आणि दारं उघडल्यावर तरी ही स्ट्रीम बंद करायला हवी होती. ती चालू राहिली म्हणून धडधाकट माणसंही सोफ्यावर बसून चहा पीत मिस्सा "बघायला" लागली. मिस्सा बघायची गोष्ट नाही हो.

रात्रपाळी :
मी नर्स आहे, कोविड वॉर्डमध्ये होते, त्यामुळे जरा तिखट लिहीन. बोरोमिओंचं उदाहरण सगळे देतात, पण मिलानचीच पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. १६३० च्या प्लेगमध्ये याच संत बोरोमिओंचं शरीर घेऊन शहरभर मिरवणूक काढली, आधी तिथले कार्डिनल नको म्हणत होते, शेवटी लोकांच्या दबावापुढे वाकले, आणि त्यानंतर मृत्यू भराभर वाढले. श्रद्धा खरी होती त्या लोकांची, जंतूला त्याचं काही नसतं.

फादर वॉर्डात का आले नाहीत म्हणता. सुरुवातीला पीपीई किट आम्हालाच पुरत नव्हते, एकच किट घालून आख्खी पाळी काढायची, पाणी प्यायचं नाही की बाथरूमला जायचं नाही. त्यातलं एक बाहेरच्या माणसाला द्यायचं म्हणजे एक नर्स कमी. इटलीत बर्गामोच्या डायोसिसमध्ये (बिशपच्या अखत्यारीतल्या भागात) काही आठवड्यांत वीसच्या वर धर्मगुरू गेले, त्यातले कितीतरी लोकांमध्ये वावरणारे होते. आपले बरेचसे फादर साठीच्या पुढचे, डायबेटिस, बीपी असलेले. त्यांना पाठवा म्हणणं सोपं आहे.

आणि स्क्रीनला एवढं हिणवू नका. एका आजोबांचा फोन मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या कानाशी धरला होता, पलीकडून फादर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) सांगत होते, आजोबांना मास्कमुळे बोलता येत नव्हतं पण प्रत्येक "नमो मरिये"ला अंगठा पुढच्या बोटाच्या पेरावर सरकत होता. तो संस्कार नव्हता, मान्य. पण त्या क्षणी त्यांच्याजवळ चर्च होतं की नव्हतं, तुम्हीच सांगा.

शेवटचा_बाक :
ताई, तुम्ही जे केलंत त्याला हात जोडतो, आणि त्या फोनवर फादर होते हाच तर माझा मुद्दा आहे. सगळीकडे फोन उचलायला फादर नव्हते.

पण "शक्यच नव्हतं" हे मला मान्य नाही. चर्चने वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. तेल धर्मगुरूने स्वतःच्या हाताने लावायचं हा नियम, पण गंभीर कारण असेल तर एखादं साधन वापरता येतं हे कॅनन लॉमध्ये (चर्चच्या कायद्यात) आधीपासून आहे. कापसाचा बोळा लावलेली काडी, तेलात बुडवायची, कपाळाला आणि हातांना लावायची, नंतर जाळून टाकायची. मार्च २०२० मध्ये रोमने (म्हणजे व्हॅटिकनने) पापक्षमेबद्दल जी टिपण काढली त्यात तर स्पष्ट म्हटलंय की मरणाच्या धोक्यात असलेल्या रुग्णांना वॉर्डच्या दाराशी उभं राहून, आवाज पोचेल अशी सोय करून, सामूहिक पापक्षमा (एकेकाची कबुली न ऐकता सगळ्यांना एकदम) देता येईल. दाराशी! म्हणजे तुमचं किट वाया जायचा प्रश्नच नाही. किती ठिकाणी हे कुणी मागितलं? आमच्या भागातल्या एका पॅरिशमध्ये तर विचारायलाच कुणी गेलं नाही, "हॉस्पिटल नाही म्हणेल" असं आधीच ठरवून टाकलं.

कॉयरवाली :
दोघांचंही वाचलं. मी रात्रपाळी ताईंच्या बाजूने, आणि तेही गाणारी असून. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० ला एका कॉयरची (गायकवृंदाची) प्रॅक्टिस झाली, ६१ जण हजर, त्यातले ५३ आजारी पडले (३३ टेस्टने पक्के, २० संभाव्य) आणि दोघं गेले. कुणी बेजबाबदार नव्हतं हो त्यात, लोक फक्त जवळजवळ उभं राहून गात होते, म्हणजे आम्ही दर रविवारी करतो तेच. हे वाचल्यावर मी आमच्या सगळ्या सोप्रानोंना (उंच आवाजात गाणाऱ्यांना) फोन केला.

नंतर चर्च उघडलं तेव्हा बाकांवर एकाआड एक पट्ट्या चिकटवलेल्या, मिस्सेत एकमेकांना शांती द्यायची तर लांबून मान झुकवायची, पवित्र पाण्याची भांडी कोरडी, आणि गायला मी एकटी, ऑर्गनच्या मागे, आल्तारपासून (वेदीपासून) लांब. "पवित्र पवित्र" एकटीने म्हणताना गळा भरून यायचा. पण त्या पट्ट्या लावल्या म्हणूनच माझी सत्तरीतली, खालच्या सुरात गाणारी आल्टो मैत्रीण आज शेजारी उभी आहे.

शेवटचा_बाक यांना एक मात्र विचारते. २०२१ च्या राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तेव्हा) फादरने मंत्र एकदाच सगळ्यांसाठी म्हटला आणि मग मास्क लावून काही न बोलता डोक्यावर राख टाकली, रोमचीच सूचना होती तशी. २०२० च्या पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) पाय धुण्याचा विधी वगळला, तीही रोमचीच सूचना. विधी थांबवणारे आणि तुमच्या त्या वाटा मोकळ्या ठेवणारे एकच लोक आहेत. एक कागद मानायचा आणि दुसऱ्याला भित्रेपणा म्हणायचं, हे कसं?

शेवटचा_बाक :
मी पाय धुणं थांबवण्याला भित्रेपणा म्हटलेलंच नाही. पाय न धुता पवित्र गुरुवार होतो. मरणाऱ्या माणसाला पापक्षमेशिवाय सोडणं आणि हे, एका मापाने मोजू नका एवढंच.

कलमवाचक :
थोडा वेगळा मुद्दा. तुम्ही सगळे फादर आणि बिशप यांच्यावर घसरताय, पण कितीतरी देशांत दारं सरकारने बंद केली होती. आणि ती उघडायला बिशपच कोर्टात गेले. न्यूयॉर्क राज्यात रेड झोनमध्ये (सर्वाधिक संसर्गाच्या भागात) प्रार्थनास्थळात जास्तीत जास्त १० माणसं आणि ऑरेंज झोनमध्ये २५ अशी मर्यादा होती, चर्च कितीही मोठं असो. ब्रुकलिनच्या डायोसिसने दाद मागितली आणि २५ नोव्हेंबर २०२० ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती थांबवली. चारच दिवसांनी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने ३० माणसांची सरसकट मर्यादा प्रमाणाबाहेर ठरवली. हजार माणसांच्या कॅथेड्रलला आणि छोट्या चॅपेलला एकच आकडा लावणं हे आरोग्यशास्त्र नाही. तेव्हा शेवटचा_बाक यांना अर्धा पाठिंबा: काळजी घेऊन उघडता येतं हे कोर्टात टिकलं. अर्धाच, कारण कोर्टाने उघडायला लावलेल्या दारातून आत जायचं की नाही हे शेवटी ज्याचं त्याला ठरवू द्या.

घरातून :
मी सहसा लिहीत नाही पण "दारं उघडल्यावर स्ट्रीम बंद करायला हवी होती" हे वाचून राहवलं नाही. माझी आई कोविडच्या कितीतरी आधीपासून अंथरुणाला आहे. तेव्हा तिला आपल्या पॅरिशची मिस्सा कधी दिसली नाही आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही. सगळे घरात बसले तेव्हा पहिल्यांदा कॅमेरा लागला आणि आईने तिचं आल्तार पाहिलं, आपल्या फादरांचा आवाज ऐकला, वाचन कोण करतंय ते ओळखलं. आता धडधाकट लोक आळशी झाले म्हणून तिच्यासमोरची स्क्रीन काळी करायची?

पोप फ्रान्सिस यांनी १७ एप्रिल २०२० च्या सकाळच्या प्रवचनात सांगितलं होतं की पडद्यावरचं, संस्कारांशिवायचं चर्च हे खरं चर्च नव्हे, ते मला माहीत आहे. पण ते हे सांगत होते तीच मिस्सा सांता मार्तामधून (व्हॅटिकनमधल्या त्यांच्या निवासातून) लाइव्ह चालू होती ना, आणि ती त्यांनी मार्चपासून मेपर्यंत रोज केली. २७ मार्चला पावसात व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात ते एकटे चढून गेले, तेही आम्ही स्क्रीनवरच पाहिलं, आणि आई मोन्स्ट्रन्स (पवित्र भाकर ठेवायचं पात्र) वर उचलल्यावर क्रूस करत होती. भुकेल्या माणसाला जेवणाचा फोटो दाखवून पोट भरत नाही हे मला कळतं. तिलाही कळतं, म्हणूनच ती रडते.

शेवटचा_बाक :
तुमच्या आईसाठी स्ट्रीम हवीच, त्यावर माझा वाद नाही. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनच्या उपासना विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल सारा यांनी बिशपांना पत्र लिहिलं त्यातही प्रक्षेपणाची आजाऱ्यांसाठी मोठी मदत मान्य केली आणि लगेच म्हटलं की ते प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही. मग लिंक फक्त आजाऱ्यांच्या घरी द्या, सगळ्या जगाला उघडी कशाला?

रात्रपाळी :
आणि आजारी कोण ते ठरवणार कोण? डिप्रेशनमुळे घराबाहेर पाऊल टाकता न येणारी बाई तुमच्या यादीत येईल का? केमो चालू असलेला, कुणाला न सांगितलेला मुलगा? गर्दीत जायची भीती अजून गेलेली नाही अशी कितीतरी माणसं मला रोज भेटतात, त्यांना दोष देऊन ती परत येणार नाहीत.

वॉर्डच्या दाराशी उभं राहून पापक्षमा, हे मात्र मला पटलं, आणि आमच्याकडे कुणी तसं विचारलं असतं तर मी स्वतः मेट्रनपाशी जाऊन परवानगी मागितली असती. पण त्यासाठी तयारी आधी लागते. दोन-तीन तरुण, तब्येतीने ठणठणीत धर्मगुरू, त्यांना किट घालणं-काढणं शिकवलेलं (काढतानाच जास्त लागण होते), राहायची वेगळी सोय, आणि हॉस्पिटलशी लेखी ठरलेलं. साथ आल्यावर फोन करून हे होत नाही. तुमच्या पॅरिश कौन्सिलने ते आत्ता करावं, मी शिकवायला येते.

घरातून :
आणि त्याच यादीत एक घाला. स्ट्रीम संपल्यावर कुणीतरी कम्युनियन (पवित्र भाकर) घेऊन घरी या. आमच्याकडे आधी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर यायचे, साथीत ते थांबलं ते समजू शकते, पण साथ संपूनही सुरू झालेलं नाही. मी दोनदा ऑफिसमध्ये नाव लिहून दिलंय. आईला कम्युनियनआधी उपास धरायचा असतो म्हणून फक्त वेळ आधी कळवा.