औषध पूर्ण घेऊनही सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आला, मग तो इतके दिवस होता कुठे?

रानजाई:
दादाचं किडनी ट्रान्सप्लान्ट झालंय, किडनी आईची. ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं की सीएमव्ही आयजीजी (हा व्हायरस आधी लागून गेलाय का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) आईची पॉझिटिव्ह आणि दादाची निगेटिव्ह आहे, म्हणून सहा महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे व्हायरसविरोधी औषध दिलं, एक डोस चुकला नाही, मीच डबीवर वार लिहून गोळ्या भरायचे. औषध थांबून पाच आठवडे झाले आणि आता ताप, जुलाब, पांढऱ्या पेशी 2100 आणि पीसीआर (रक्तात व्हायरसचा डीएनए मोजणारी टेस्ट) पॉझिटिव्ह! आई तर ठणठणीत आहे, तिला कधी काही झालंच नाही. आता ती म्हणते मीच माझ्या लेकराला रोग दिला, काल रात्रभर रडत होती. काय सांगू तिला?

सूक्ष्मदर्शी:
ताई, आधी आईंना सांगा की जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात हा व्हायरस असतो. बहुतेकांना कळतही नाही कधी लागला ते.
तो लपतो बोनमॅरोमधल्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींत आणि त्यांच्यापासून होणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये, म्हणजे आपल्याच पहारेकऱ्यांच्या पोटात. तिथे नुसता डीएनए पडून असतो, नवीन व्हायरस बनत नाही. मोनोसाइट रक्तातून बाहेर पडून मॅक्रोफेज (जंतू गिळणारी मोठी पेशी) झाली की मग तो जागा होऊ शकतो. आईंच्या किडनीबरोबर अशा पेशींतूनच तो दादाकडे आला असणार. निरोगी माणसात टी पेशी (व्हायरसशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याला तिथल्या तिथे दाबतात, पण टॅक्रोलिमस वगैरे औषधं नेमक्या त्याच टी पेशींना शांत करतात, नाहीतर किडनी रिजेक्ट होईल. आणि दादाच्या टी पेशींनी तर हा व्हायरस आधी पाहिलेलाच नव्हता.
व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर व्हायरसच्या डीएनएच्या कॉप्या बनणं थांबवतं. झोपलेला व्हायरस कॉप्याच काढत नाही, मग औषध अडवणार काय? त्यामुळे औषध बंद झाल्यावर काही आठवड्यांनी डोकं वर काढणं हे आई-दादांसारख्या जोडीत (देणारा पॉझिटिव्ह, घेणारा निगेटिव्ह) बऱ्याचदा होतं. तुमची गोळी भरण्यात काही चूक नव्हती.

दुसरीपाळी:
माझंही सेम, डोनर पॉझिटिव्ह मी निगेटिव्ह. मला तर जिना चढवत नव्हता इतका थकवा. परत फुल डोस सुरू केला, दर आठवड्याला पीसीआर, आणि आकडा खाली येऊनही लगेच थांबवलं नाही. एक लक्षात ठेवा, पांढऱ्या पेशी कमी दिसल्या म्हणून मनाने गोळी अर्धी करू नका, कमी डोसमध्ये व्हायरस रेझिस्टंट होऊ शकतो. माझ्या डॉक्टरांनी त्याऐवजी मायकोफेनोलेट (रिजेक्शन रोखणारं औषध, त्यानेही पांढऱ्या पेशी कमी होतात) कमी केलं होतं, पण ते त्यांनाच ठरवू द्या. पीसीआर दरवेळी एकाच लॅबमध्ये करा, लॅब बदलली की आकड्यांची तुलना होत नाही. आज 2 वर्षं झाली, किडनी छान चाललीये.

रानजाई:
खूप बरं वाटलं वाचून. ईबीव्हीचीपण टेस्ट लिहिलीये, तो हाच का?

सूक्ष्मदर्शी:
तो एप्स्टीन-बार व्हायरस, त्याच घराण्यातला पण वेगळा. 1964 मध्ये सापडला, हा बी पेशींत (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत) लपतो. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना त्या पेशी बेसुमार वाढून लिम्फोमासारखा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) आजार होऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवतात. मानेत काखेत गाठ, न उतरणारा ताप दिसला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

रानजाई:
आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, निम्म्या लोकांत असतो ते परत वाच. दोनदा वाचलं. सोमवारी पुढचा पीसीआर आहे, आला की इथे टाकते.